वनस्पतिजन्य खाद्यपूरके आणि डुकराच्या पिल्लांचे आतड्यांचे आरोग्य

वनस्पतिजन्य खाद्यपूरके म्हणजे औषधी, सुगंधी किंवा मसाल्याच्या वनस्पतींपासून मिळवलेले आणि पशुखाद्यात अल्प प्रमाणात मिसळले जाणारे पदार्थ होत. वाळवलेली पूड, अर्क, बाष्पनशील तेल किंवा त्यांतून वेगळा काढलेला एखादा शुद्ध घटक अशा स्वरूपांत ती वापरली जातात. वराहपालनात त्यांचा उपयोग प्रामुख्याने पिल्लांचे दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन ते चार आठवड्यांत केला जातो. या काळात पिल्लाच्या आतड्याच्या अस्तराची झीज होते, हगवण लागते, वाढ खुंटते आणि अनेक पिल्ले दगावतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समस्येवर खाद्यातून अल्प मात्रेत प्रतिजैविके देण्याचा उपाय जगभर रूढ झाला. त्यातून प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू वाढल्याने अनेक देशांनी ही पद्धत बंद केली आणि ओवा, लसूण, हळद, दालचिनी यांसारख्या वनस्पतींकडे संशोधकांचे लक्ष वळले. ही पूरके आतड्याला साहाय्य करतात, मात्र ती प्रतिजैविकांची थेट जागा घेत नाहीत. स्वच्छता, ऊब, योग्य वयात दूध तोडणे आणि पचण्याजोगा आहार यांची जोड असेल तरच त्यांचा लाभ दिसतो.

## संज्ञा व व्याप्ती

पशुखाद्यातील घटकांचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. मका, तांदळाची कणी, गव्हाचा कोंडा, सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड हे पोषण पुरवणारे मुख्य घटक होत. पूरके ही पोषणासाठी नव्हे, तर खाद्याचा दर्जा, चव, पचन किंवा जनावराचे आरोग्य सुधारण्यासाठी घातली जातात. जीवनसत्त्वे, खनिजे, विकरे, सेंद्रिय आम्ले, उपयुक्त जीवाणू (प्रोबायोटिक) आणि वनस्पतिजन्य पदार्थ यांचा त्यांत समावेश होतो.

वनस्पतिजन्य पूरकांचे त्यांच्या स्वरूपानुसार पुढील प्रकार केले जातात :

* पूड – वाळवून दळलेली पाने, बिया, साली किंवा कंद. उदा. ओव्याची पूड, हळदपूड.
* अर्क – पाणी, मद्यार्क अथवा अन्य द्रावकाने काढलेला सारभाग.
* बाष्पनशील तेल – वाफेच्या ऊर्ध्वपातनाने मिळवलेले सुगंधी तेल. उदा. ओव्याचे, लवंगेचे, दालचिनीचे तेल.
* ओलिओरेझिन – द्रावकाने काढलेला, तेल व राळ यांनी युक्त असा दाट अर्क. उदा. हळदीचे किंवा मिरचीचे ओलिओरेझिन.

एकाच वनस्पतीची पूड आणि तिचे तेल यांच्या गुणधर्मांत मोठा फरक असतो. जात, जमीन, काढणीचा हंगाम व साठवण यांनुसार क्रियाशील घटकांचे प्रमाण बदलते. म्हणून केवळ वनस्पतीचे नाव सांगून पूरकाची परिणामकारकता सांगता येत नाही.

## पिल्लाचे आतडे

### जन्मानंतरचे दिवस

डुकरिणीच्या गर्भाशयात आईच्या रक्तातील प्रतिपिंडे पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे पिल्लू जवळजवळ संरक्षणाविना जन्माला येते आणि सुरुवातीचे सर्व संरक्षण त्याला आईच्या चिकातून मिळते. चिकातील मोठे प्रथिनरेणू आतड्यातून जसेच्या तसे रक्तात शोषून घेण्याची क्षमता पहिल्या २४ ते ३६ तासांत संपते. जन्मानंतर लगेच चीक न मिळालेले पिल्लू पुढे कितीही चांगला आहार दिला तरी दुबळे राहण्याची शक्यता असते. चिकानंतरच्या दुधातील प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत, परंतु आतड्याच्या आतील पृष्ठभागावर राहून रोगकारक जीवाणूंना तेथे चिकटू देत नाहीत.

दूध पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर भरपूर असते. पिष्टमय पदार्थ पचवणारी विकरे मात्र कमी असून ती वयानुसार हळूहळू वाढतात. जठरात हायड्रोक्लोरिक आम्लही पुरेसे तयार होत नसते. ही उणीव दुधातील साखरेपासून लॅक्टोबॅसिलस जीवाणूंनी तयार केलेले लॅक्टिक आम्ल भरून काढते.

### दूध तोडल्यानंतरचे बदल

निसर्गतः डुकराची पिल्ले कित्येक आठवडे हळूहळू दूध सोडतात. व्यापारी वराहपालनात मात्र दूध एकाएकी तोडले जाते. युरोपीय संघात यासाठी किमान वय २८ दिवसांचे आहे आणि विशेष व्यवस्था असल्यास ते २१ दिवसांपर्यंत खाली आणता येते. भारतातील लहान पालक सहसा सहा ते आठ आठवड्यांनी पिल्ले वेगळी करतात.

वेगळे केल्यानंतर पिल्लावर अनेक ताण एकदम येतात. आई दुरावते, अनोळखी पिल्लांशी झुंज होते, जागा बदलते आणि कोमट दुधाऐवजी कोरडे धान्य पुढ्यात येते. अनेक पिल्ले पहिला दिवसभर काहीच खात नाहीत. आतड्याच्या अस्तरातील पेशींना पोषण बऱ्याच अंशी आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच मिळत असल्याने या उपासाचा फटका प्रथम त्यांना बसतो.

लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरसाचे शोषण त्यांच्यामार्फत होते. तीन आठवड्यांच्या वयात दूध तोडलेल्या पिल्लांत रसांकुरांची उंची पहिल्या २४ तासांत पूर्वीच्या सुमारे तीन-चतुर्थांश आणि पाचव्या दिवसापर्यंत जवळजवळ निम्मी झाल्याचे आढळले आहे. त्याच वेळी रसांकुरांच्या तळाशी असलेल्या खाचा खोल होतात. झिजलेल्या पेशी भरून काढण्यासाठी तेथे नव्या पेशींची घाईने निर्मिती होत असल्याचे ते लक्षण असते. म्हणून रसांकुरांची उंची आणि खाचांची खोली यांचे गुणोत्तर हे आतड्याच्या आरोग्याचे एक प्रमुख माप मानले जाते.

शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारे प्रथिनांचे सांधेही या काळात सैल होतात. परिणामी आतड्यातील जीवाणूंची विषे व न पचलेले प्रथिनांचे अंश शरीरात शिरून दाह निर्माण करतात. सोयाबीनमधील काही प्रथिने लहान पिल्लांत अशी प्रतिक्रिया उद्भवण्यास कारण ठरतात.

### हगवण

दूध तोडल्यानंतरच्या हगवणीचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे एश्चेरिशिया कोलाय (ई. कोलाय) या जीवाणूचे विष निर्माण करणारे प्रकार. हे जीवाणू आपल्या केसांसारख्या तंतूंनी आतड्याच्या पेशींना चिकटतात. या तंतूंचे एफ४ व एफ१८ हे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. एफ१८ तंतूंना पकड देणारे रेणू नवजात पिल्लाच्या आतड्यात जवळजवळ नसतात आणि ते वयानुसार वाढतात. त्यामुळे या प्रकाराचा उपद्रव दूध तोडल्यानंतरच अधिक दिसतो. जीवाणूंच्या विषामुळे आतड्यातील पेशी क्षार व पाणी बाहेर टाकू लागतात. पातळ हगवणीतून पाणी व क्षार इतक्या वेगाने जातात की एक-दोन दिवसांतच पिल्लू दगावू शकते.

वाचलेल्या पिल्लांचेही नुकसान पूर्णपणे भरून येत नाही. त्यांची वाढ मागे पडते, तेच वजन गाठण्यासाठी खाद्य अधिक लागते आणि विक्री लांबते. एक-दोन डुकरिणी पाळणाऱ्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न पिल्लांच्या या पहिल्या काही आठवड्यांवर अवलंबून असते.

## प्रतिजैविकांचा वापर व त्यावरील निर्बंध

खाद्यातील अल्प प्रतिजैविकांमुळे जनावरांची वाढ सुधारते, हे १९५०च्या सुमारास अमेरिकेतील प्रयोगांत दिसून आले आणि ही पद्धत झपाट्याने पसरली. तिच्यातील धोक्याकडे ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ साली लक्ष वेधले. रोग बरा करण्यास अपुऱ्या पडणाऱ्या मात्रेत दीर्घकाळ प्रतिजैविक दिल्यास त्याला दाद न देणारे जीवाणू टिकून राहतात आणि वाढतात. ही प्रतिरोधकता एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाते आणि गोठा, मांस, पाणी व माती यांमार्गे माणसापर्यंत पोहोचते.

वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर स्वीडनने १९८६ साली बंदी घातली. डेन्मार्कमध्ये दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यातील असा वापर २०००च्या आरंभापर्यंत थांबला. युरोपीय संघाची पूर्ण बंदी १ जानेवारी २००६ पासून लागू झाली आणि चीनने २०२० साली असेच पाऊल उचलले. डेन्मार्कमध्ये बंदीनंतर प्रारंभी पिल्लांतील हगवण वाढली आणि उपचारासाठी लागणाऱ्या प्रतिजैविकांचा वापरही काही काळ वाढला. आहार, गोठ्याची रचना व व्यवस्थापन यांत पालकांना बदल करावे लागले. केवळ एक पदार्थ काढून दुसरा घालणे पुरेसे नसते, हा या अनुभवाचा धडा मानला जातो.

प्रतिजैविकांना पर्याय म्हणून युरोपात खाद्याच्या दर किलोमागे सुमारे २,५०० मिलिग्रॅम जस्त पुरवणाऱ्या झिंक ऑक्साइडचा औषधी वापर होत असे. तो हगवणीवर गुणकारी होता, परंतु जस्त विष्ठेवाटे जमिनीत साचते आणि प्रतिरोधक जीवाणूंच्या वाढीस हातभार लावते. त्यामुळे युरोपीय संघात हा वापर जून २०२२ मध्ये बंद झाला. त्यानंतर वनस्पतिजन्य पूरकांचे महत्त्व आणखी वाढले.

या विषयातील सर्वांत गंभीर घडामोड म्हणजे कोलिस्टीन या औषधाला मिळालेला प्रतिरोध होय. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर माणसांसाठी हे औषध शेवटचा उपाय म्हणून वापरले जाते. जनावरांत, विशेषतः डुकरांत व कोंबड्यांत, ते हगवणीसाठी व वाढीसाठी सर्रास दिले जाई. एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे एमसीआर-१ हे कोलिस्टीन-प्रतिरोधी जनुक २०१५ साली चीनमधील डुकरांच्या ई. कोलाय जीवाणूंत सापडल्याचे प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता, कुक्कुटपालन व मत्स्यपालनाकरिता तसेच पशुखाद्य-पूरकांत कोलिस्टीनची निर्मिती, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

## प्रमुख वनस्पती व त्यांचे घटक

पिल्लांच्या खाद्यात वापरल्या गेलेल्या किंवा अभ्यासल्या गेलेल्या वनस्पतींपैकी बहुतेक मराठी स्वयंपाकघरातील परिचयाच्या आहेत.

| वनस्पती | वापरला जाणारा भाग | प्रमुख क्रियाशील घटक | विशेष |
|---|---|---|---|
| ओवा | बिया | थायमॉल | तीव्र जीवाणुरोधी गुण. पाश्चात्त्य देशांत थाइम या वनस्पतीपासून हाच घटक घेतात |
| ओरेगॅनो | पाने | कार्व्हॅक्रोल, थायमॉल | युरोपात सर्वाधिक अभ्यासलेली वनस्पती |
| दालचिनी | साल | सिनॅमाल्डिहाइड | वास उग्र. मात्रा अधिक झाल्यास खाणे घटण्याची शक्यता |
| लवंग | कळी | युजेनॉल | जीवाणुरोधी |
| लसूण | गड्डी | ॲलिसिन व अन्य गंधकयुक्त संयुगे | ॲलिसिन अस्थिर. साठवणीत लवकर नष्ट होते |
| हळद | कंद | कर्क्युमिन | रक्तात अत्यल्प शोषण. मुख्य कार्य आतड्यातच |
| मिरची | फळ | कॅप्सायसिन | पाचक रसांना चालना |
| काळी मिरी, पिंपळी | फळ | पायपेरीन | इतर घटकांच्या शोषणास साहाय्य |
| डाळिंब | फळाची साल | टॅनिन | स्तंभक; अधिक मात्रेत प्रथिनांचे पचन घटते |
| द्राक्ष | बिया व चोथा | पॉलिफेनॉल | दाहरोधी |
| मेथी | बिया | विद्राव्य तंतू, सॅपोनिन | कडवट चव |

ओवा, सुंठ, हिंग, बेलफळ, कुड्याची साल, डाळिंबाची साल यांचा उपयोग पोटाच्या विकारांवर भारतीय परंपरेत दीर्घकाळ होत आला आहे. परंपरेतील वापर आणि खाद्यपूरक म्हणून होणारा वापर यांत मात्र भेद आहे. पहिल्यात आजारी जनावराला थोडे दिवस मोठी मात्रा दिली जाते, तर दुसऱ्यात निरोगी कळपाला रोज अल्प मात्रा दिली जाते. एकातील अनुभव दुसऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही.

## कार्यपद्धती

जीवाणूंवरील परिणाम : थायमॉल, कार्व्हॅक्रोल आणि युजेनॉल हे घटक मेदात विरघळणारे असल्याने जीवाणूंच्या पेशीपटलात शिरतात व ते सच्छिद्र करतात. पेशीतील क्षार बाहेर पडून जीवाणू मरतो किंवा त्याची वाढ थांबते. प्रयोगशाळेतील काचपात्रात हा परिणाम ठळकपणे दिसतो. परंतु तेथे लागणारे प्रमाण खाद्यात परवडण्याजोग्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक असते. म्हणून प्रत्यक्ष जनावरात होणाऱ्या लाभाचे श्रेय केवळ जंतुनाशक गुणाला देता येत नाही.

पचनावरील परिणाम : तिखट व सुगंधी पदार्थांमुळे लाळ, पित्त व स्वादुपिंडाचा रस यांचे स्रवण वाढते. प्रथिने लहान आतड्यातच अधिक पचल्यास मोठ्या आतड्यात पोहोचणारे न पचलेले प्रथिन घटते. रोगकारक जीवाणूंचे खाद्य अशा रीतीने कमी होते.

दाहावरील परिणाम : कर्क्युमिन व पॉलिफेनॉल आतड्याच्या पेशींतील दाह सुरू करणारे संदेशवहन मंदावतात. दाहाचा शमनप्रक्रियेशी मेळ बसल्यास वाढीकडे वळणारी ऊर्जा वाचते. दूध तोडल्यानंतरच्या काळात हा परिणाम सर्वांत मोलाचा मानला जातो.

ऑक्सिडीकरणरोधी परिणाम : ताणाच्या काळात पेशींत तयार होणाऱ्या हानिकारक ऑक्सिजन-संयुगांना हे घटक आवर घालतात आणि पेशींच्या स्वतःच्या संरक्षक विकरांना चालना देतात.

चवीवरील परिणाम : सुगंधामुळे पिल्ले अधिक खातात, असा दावा अनेकदा केला जातो. डब्ल्यू. विंडिश व सहकाऱ्यांनी २००८ साली 'जर्नल ऑफ ॲनिमल सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, वनस्पतिजन्य पूरके सरसकट चव सुधारतात हे गृहीतक स्वीकारले नाही. डुकराचे घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण असल्याने उग्र वासाने ते खाद्यापासून दूरही जाऊ शकते.

## परिणामकारकता

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दूध तोडलेल्या पिल्लांना रोगकारक ई. कोलाय जीवाणू मुद्दाम देण्यात आले. त्यांच्या खाद्यात दर किलोमागे १० मिलिग्रॅम मिरचीचे ओलिओरेझिन, लसणाचा अर्क किंवा हळदीचे ओलिओरेझिन मिसळले होते. पूरक न मिळालेल्या पिल्लांच्या तुलनेत या पिल्लांत हगवण कमी झाली व दाहाच्या खुणाही घटल्या. इतक्या अल्प मात्रेत जीवाणू थेट मरणे संभवत नाही. त्यामुळे शरीराच्या प्रतिसादात बदल होऊन लाभ होतो, या मताला या प्रयोगाने बळ मिळाले.

जर्मनीतील गीसेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली पिल्लांच्या खाद्यात १ टक्का द्राक्षाच्या बिया व चोथ्यापासून बनवलेला पदार्थ मिसळून पाहिला. खाद्याच्या तुलनेत वजनवाढ सुधारली आणि आतड्यातील दाहाशी संबंधित जनुकांची क्रिया मंदावली.

सर्वच प्रयोगांचे निष्कर्ष असे अनुकूल नाहीत. काहींत वाढीवर कोणताच परिणाम आढळला नाही, तर काहींत पिल्लांचे खाणे कमी झाले. या विसंगतीची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे सांगितली जातात :

* निरनिराळ्या उत्पादनांत क्रियाशील घटकांचे प्रमाण सारखे नसते.
* अतिशय स्वच्छ प्रायोगिक गोठ्यात पिल्ले मुळातच निरोगी असल्याने सुधारणेस वाव उरत नाही.
* थायमॉलसारखे घटक जठरात व लहान आतड्याच्या आरंभीच शोषले जातात आणि जेथे गरज आहे त्या पुढील भागापर्यंत पोहोचत नाहीत.
* दूध तोडण्याचे वय, मूळ आहार व प्रयोगाचा कालावधी यांत फरक असतो.

तिसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून तेलाचे सूक्ष्म थेंब कठीण मेदाच्या आवरणात बंद केले जातात. आवरण आतड्यात हळूहळू पचते आणि घटक पुढपर्यंत पोहोचतो. या आवरणामुळे वासही झाकला जातो व साठवणीतील घट कमी होते.

## वापराची पद्धत

बाष्पनशील तेलांची मात्रा सामान्यतः खाद्याच्या दर किलोमागे काही मिलिग्रॅमपासून काहीशे मिलिग्रॅमपर्यंत असते. दर किलोला २०० मिलिग्रॅम म्हणजे १०० किलो खाद्यात अवघे २० ग्रॅम. एवढा अल्प पदार्थ थेट मोठ्या ढिगात टाकल्यास तो सारखा पसरत नाही. म्हणून तो प्रथम किलोभर कोंड्यात नीट मिसळून घेतात. ते मिश्रण नंतर दहा किलो खाद्यात आणि शेवटी संपूर्ण खाद्यात कालवतात.

गोळीखाद्य बनवताना लागणाऱ्या उष्णतेने उघडे बाष्पनशील तेल उडून जाते. त्यामुळे अशा खाद्यासाठी आवरणयुक्त पूरक वापरणे इष्ट ठरते. दूध तोडण्यापूर्वीच, साधारणतः दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना थोडे थोडे कोरडे खाद्य (क्रीप फीड) चाखू देतात. त्यात पूरक असल्यास पिल्लांना त्याच्या वासाची सवय होते.

पूरकाचा उपयोग खरोखर होतो की नाही, हे लहान पालकालाही पाहता येते. प्रत्येक वेतातील पिल्ले दोन गटांत सारखी वाटावीत. एका गटास पूरकयुक्त व दुसऱ्यास तेच खाद्य पूरकाविना द्यावे. दूध तोडण्याच्या दिवशी तसेच १४व्या व २८व्या दिवशी वजन करावे, खाद्याचा हिशेब ठेवावा आणि विष्ठेचा घट्टपणा रोज नोंदवावा. दोन गट न करता केवळ 'गेल्या वेळेपेक्षा पिल्ले बरी दिसतात' असे म्हटल्यास ऋतू, खाद्य व वेत यांतील फरकाचे श्रेय पूरकाला दिले जाण्याचा संभव असतो.

## मर्यादा व धोके

* निदानास विलंब : हगवण हे स्वाइन फीवर व आफ्रिकन स्वाइन फीवर या विषाणुजन्य रोगांतही दिसणारे लक्षण आहे. अशा वेळी घरगुती काढा किंवा पूरक देत राहिल्यास रोग कळपभर पसरतो. ताप, कातडीवर लाल-जांभळे डाग किंवा एकाएकी मृत्यू आढळल्यास पशुवैद्यकास तत्काळ कळवणे आवश्यक असते.
* उपचाराला पर्याय नव्हे : तीव्र जीवाणुसंसर्गात पशुवैद्यकाने दिलेले औषध व क्षार-पाणी यांची जागा पूरके घेऊ शकत नाहीत.
* अधिक मात्रेचे दुष्परिणाम : टॅनिन प्रथिने व लोह यांना बांधून ठेवते. पिल्लांत जन्मतः लोहाचा साठा कमी असतो व त्यासाठी पहिल्या आठवड्यात लोहाचे इंजेक्शन दिले जाते. त्यामुळे टॅनिनयुक्त सालींचा अतिरेक त्यांना विशेष अपायकारक ठरतो.
* बुरशी व भेसळ : ओलसर साठवलेल्या मिरचीत, पेंडीत वा फळांच्या चोथ्यात बुरशीची विषे निर्माण होतात. रंग खुलवण्यासाठी हळदीत केली जाणारी शिशाच्या संयुगांची भेसळही घातक आहे. 'नैसर्गिक' हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही.

## महाराष्ट्र व गोवा

२०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९०.६ लाख डुकरे होती. २०१२च्या तुलनेत ही संख्या १२.०३ टक्क्यांनी घटली होती. वराहपालनाचे केंद्र ईशान्य भारत असले, तरी महाराष्ट्र व गोव्यात त्याच्या दोन वेगळ्या परंपरा आढळतात.

महाराष्ट्रात कैकाडी, वडार आदी समाजांतील काही कुटुंबे परंपरेने डुकरे पाळत आली आहेत. या व्यवसायाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी उपेक्षेची राहिली. नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या 'फँड्री' या चित्रपटाने ती मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आणली. या शब्दाचा अर्थच डुक्कर असा आहे. मोकाट सोडलेल्या गावठी डुकरांना ठरावीक खाद्य नसते, त्यामुळे पूरकाचा प्रश्नही उद्भवत नाही. बंदिस्त पालनात लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस, ड्युरॉक अशा विदेशी जाती व त्यांचे संकर पाळले जातात. त्यांची पिल्ले वेगाने वाढतात, परंतु आहारातील चुका त्यांना सोसत नाहीत.

मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली यांसारख्या दाट शहरी पट्ट्यात हॉटेले, खाणावळी व मंगल कार्यालयांतील उरलेले अन्न हा डुकरांच्या खाद्याचा स्वस्त स्रोत ठरतो. या अन्नाची प्रत रोज बदलते. कधी तेल-मीठ अधिक, तर कधी प्रथिने अत्यल्प असतात. मोठी डुकरे ते पचवतात. नुकतेच दूध तोडलेल्या पिल्लांसाठी मात्र ते अयोग्य असून अशा अस्थिर आहारात पूरकाची मात्रा राखणेही कठीण जाते. शिवाय न शिजवलेल्या मांसाच्या अवशेषांतून आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू पसरतो. या रोगाची भारतातील पहिली नोंद २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात झाली. म्हणून असे अन्न चांगले उकळूनच देण्याचा आणि पिल्लांना पहिले काही आठवडे स्वतंत्र संतुलित खाद्य देण्याचा सल्ला दिला जातो.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून डुकराच्या मांसाला खाद्यसंस्कृतीत मानाचे स्थान आहे. शोरीस, सोरपोतेल व विंदालू हे पदार्थ प्रसिद्ध आहेत. घरोघरी दोन-चार डुकरे पाळण्याची प्रथा तेथे होती. 'आगोंदा गोवन' ही गोव्यातील देशी जात कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेली आहे. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत वराहपालनावर संशोधन चालते. महाराष्ट्रात हे शिक्षण व संशोधन नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. १८८६ साली स्थापन झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच विद्यापीठाचा भाग आहे.

पूरकांसाठी लागणारा कच्चा माल या प्रदेशात मुबलक आहे. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ असून 'सांगली हळद' व वर्धा जिल्ह्यातील 'वायगाव हळद' यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सोलापूरच्या डाळिंबांची साल आणि नाशिक परिसरातील मद्यनिर्मितीतून उरणारा द्राक्षांचा चोथा पॉलिफेनॉलने समृद्ध असतो. कोकण व गोव्यातील खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे प्रमाण लॉरिक आम्लाचे असते. मध्यम लांबीच्या साखळीचे हे मेदाम्ल पिल्लाच्या जठरात जीवाणुरोधी कार्य करते. मात्र साल आणि चोथा लवकर आंबतात. ते त्वरित वाळवणे आणि त्यांतील क्रियाशील घटकांचे प्रमाण तपासणे या दोन गोष्टी झाल्या, तरच टाकाऊ मालाचे भरवशाच्या पूरकात रूपांतर होऊ शकते.

## नियमन

युरोपीय संघात पशुखाद्य-पूरकांचे नियमन २००३च्या १८३१ क्रमांकाच्या नियमाद्वारे होते. बहुतांश वनस्पतिजन्य उत्पादने तेथे 'स्वादकारक' या वर्गात नोंदली जातात. वाढ किंवा आरोग्य सुधारत असल्याचा दावा करावयाचा असल्यास वेगळ्या वर्गात नोंदणी करावी लागते व परिणामकारकतेचे पुरावे सादर करावे लागतात. त्यामुळे आवेष्टनावरील नोंदणीवर्ग पाहिल्यास उत्पादकाने नेमके काय सिद्ध केले आहे, याचा बोध होतो.

खरेदी करताना क्रियाशील घटकाचे नाव व प्रमाण, उत्पादनाची व मुदतसमाप्तीची तारीख आणि शिफारस केलेली मात्रा आवेष्टनावर नमूद असल्याची खात्री करून घेणे हितावह ठरते. 'वनौषधींचे गुप्त मिश्रण' अशा वर्णनाने विकल्या जाणाऱ्या पदार्थांत यांपैकी कोणतीच बाब पडताळता येत नाही.

## हेही पाहा

* वराहपालन
* प्रतिजैविक प्रतिरोध
* आफ्रिकन स्वाइन फीवर
* प्रोबायोटिक
* ओवा
* हळद